तिच्या टाचा उठत होत्या

नवऱ्याला वाटतं, माझं सगळं त्याला ठाऊक आहे. हे नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बहिणीला नाही, जिमच्या सरांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, एवढंच. सांगितलं की मन हलकं होतं म्हणतात. माझं होणार नाही, हे लिहायला बसण्याआधीच मला माहीत आहे.

माझ्यापासूनच सुरुवात करते. तिच्यापर्यंत पोचायला मला जरा वेळ लागेल.

मी विद्या. सुकापूरला राहते, उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात नोकरी करते. चाळिशीच्या आसपास कंबर धरायला लागली. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, म्हणून नवीन पनवेलच्या एका जिममध्ये सकाळच्या बायकांच्या बॅचला जाऊ लागले. बाकीच्या बायका ट्रेडमिलवर चालायच्या, गप्पा मारायच्या. मला बारबेल आवडली. खांद्यांवर वजन घ्यायचं, पोटात श्वास भरून धरायचा, खाली बसायचं आणि उठायचं — स्क्वॉट म्हणतात त्याला. त्यात एवढं काय आहे? मलाही नीट सांगता येणार नाही. घरात आणि ऑफिसात दिवसभर मी जे करते ते कुणाच्या नजरेतही येत नाही. इथे मी वजन घेऊन उठले की चालणाऱ्या बायका मशीन थांबवून बघायच्या. त्या बघायच्या ना, त्यासाठी मी पहाटेचा गजर लावायचे. खरं तेच सांगते.

आणि मी ते मन लावून शिकले होते. माझे घोटे आखडलेले. खाली बसलं की टाचा उठायच्या. सरांनी सगळ्यात आधी माझे बूट बघितले होते. पळायच्या बुटांचा तळ मऊ असतो, म्हणाले, वजन आलं की तो दबतो आणि पाऊल डुलायला लागतं. पाऊल डुललं की गुडघे आत पडतात. गुडघे आत पडले की माणूस पुढे झुकतो, आणि सगळा भार कमरेवर येतो. तळ एकतर सपाट आणि टणक हवा, नाहीतर माझ्यासारख्या आखडलेल्या पायांना जरा उंच, लाकडासारख्या कडक टाचेचे, वजन उचलायचेच बूट हवेत. तसे मी मागवून घेतले. वर्षभर आरशासमोर रिकामी दांडी घेऊन बसले-उठले, तेव्हा कुठे टाचा जमिनीला चिकटल्या.

हे एवढं का सांगते आहे? मला माहीत होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून. पुढे कुठेतरी तुम्हाला वाटेल, बिचारीला कळलं नसेल. नाही. मला कळत होतं.

सर एव्हाना संध्याकाळीच यायचे. सकाळी वजनाकडे वळणाऱ्या बायका दोन-चारच, त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्यांनी मलाच सांगितलं होतं. मी त्यांची सीनियर. सगळ्या मला ताई म्हणायच्या.

मग दर्शना आली.

करंजाड्याहून स्कूटीवर यायची. त्यांचं गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं, तेव्हा घरं तिकडे हलली. वडील नव्हते. आई पनवेलच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची, धाकटा भाऊ शिकत होता, आणि ही एका कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर. तेविसाव्या वर्षी घर तिच्यावर. जिममध्ये आली तीही एका मैत्रिणीला सोबत म्हणून. मैत्रीण आठवड्यात गळाली, ही राहिली.

पहिल्या दिवशी तिनं चपला दाराशी काढल्या आणि अनवाणीच दांडी टेकवायच्या रॅकखाली गेली. मी तिला दांडी खांद्यांवर कशी घ्यायची ते दाखवलं. ती खाली बसली —

कसं सांगू? मी वर्षभर जे करायला धडपडले होते ते तिनं पहिल्या झटक्यात केलं. पाठ सरळ, गुडघे बोटांच्या रेषेत, टाचा फरशीला घट्ट. अंगणात बसून भांडी घासणारी, मासळी निवडणारी मुलगी. तिला खाली बसायला कुणी शिकवायची गरजच नव्हती. उठली आणि हसली. म्हणाली, “येवढाच हाय काय, ताई?”

मीही हसले. त्या दिवशी खरंच कौतुकानं हसले होते. ते कधी बदललं? मला दिवस नाही सांगता येत. दांडीवर वजनाची एकेक चकती वाढत गेली. माझं वजन जिथे अडलं होतं तिथेच अडलेलं, आणि ती महिन्यामहिन्याला माझ्या जवळ येत होती. ट्रेडमिलवरच्या बायका आता मशीन थांबवायच्या त्या तिच्यासाठी. एकीनं मला मोबाईल दिला आणि म्हणाली, “ताई, जरा दर्शनाचा व्हिडिओ काढा ना.” माझा आजवर कुणी काढला नव्हता.

एवढीशी गोष्ट आहे. एवढीशीच होती.

सरांनी एकदा सकाळी येऊन तिला पाहिलं आणि बघत राहिले. म्हणाले, हिला जिल्ह्याच्या पॉवरलिफ्टिंगला उतरवू. पुढे राज्यात पदक आलं तर खेळाडूंच्या जागांतून पोलिसात अर्ज करता येईल. दर्शनाच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं. आईला बाजारातून उठवता येईल, असं काहीतरी ती पुटपुटली. मग सर माझ्याकडे वळले, “विद्या मॅडम, सकाळी तुम्हीच आहात. हिचा फॉर्म सांभाळा.”

मी हो म्हटलं.

त्याच सुमाराला जिममध्ये एकाच्या अंगठ्यावर चकती पडली आणि बुटांशिवाय आत यायचं नाही असा नियम झाला. दर्शनाकडे बूट नव्हते. मला म्हणाली, “ताई, तुमी चला ना संगती. मना त्यातला काय कळत नाय.”

आम्ही रविवारी पनवेलच्या बाजारात गेलो. दुकानात खालच्या फळीवर कॅनव्हासचे साधे बूट होते — शाळेच्या पीटीला घालतात ना, तसे. सपाट, पातळ, टणक तळाचे. तिनं आपणहून तेच उचलले होते. अंगठ्यानं तळ दाबून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

“हे चालतील का?”

एक शब्द पुरला असता. हो, एवढाच. अनवाणी पायाला त्याहून जवळचं काही नव्हतं. मी ते तिच्या हातातून घेतले, फळीवर परत ठेवले आणि म्हटलं, “शाळेत जायचंय का तुला?” आणि वरच्या फळीवरचे पळायचे बूट काढायला सांगितले. जाड, फुगीर, फेसासारख्या तळाचे. ते महाग होते. तिनं घालून पाहिले, दुकानात दोन-चार पावलं टाकली आणि म्हणाली, “कापसावर चालल्यासारखा वाटतं.”

“मग? पायांची काळजी घ्यायला हवी आता,” मी म्हटलं.

मी काय विचार करत होते? खूपदा स्वतःला विचारलं आहे. तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं — हे मी कित्येक दिवस स्वतःला ऐकवत राहिले. मग काय होतं मनात? तिनं जरा अडावं. थोडे महिने. मी माझं वजन वाढवीपर्यंत तिनं खाली राहावं. यातलं वाईट व्हावं हे नाही का? तुम्हीच बघा. मला आता फरक दिसत नाही.

ती अडली नाही. तिच्यात ताकद इतकी होती की बिघडलेल्या पायांवरही ती वजन उचलत राहिली. पण तिचं बसणं बदललं. वजनाखाली तळ दबायचा, पावलं आत कलायची, उठताना गुडघे एकमेकांकडे यायचे. तोल सावरायला ती पुढे झुकायची आणि टाचा उठायच्या. एक-दोन बोटं. कंबर किंचित गोल व्हायची. बाकी कुणाला ते दिसलं नसतं. मला पहिल्याच दिवशी दिसलं.

आणि मला बरं वाटलं. हेच लिहायला मी इतकी वळणं घेत आले. मला बरं वाटलं.

तिला जाणवत होतं. मुलगी हुशार होती. दोन-तीनदा म्हणाली, “ताई, पाय जरा हालल्यासारखा वाटतं. माजा बरोबर पडतंय ना?” मी म्हणाले, “बरोबर आहे. नवीन आहेत ना, सवय होईल.” एकदा म्हणाली, कंबर भरून आल्यासारखी होते. मी म्हणाले, वजन वाढलं की व्हायचंच. तिनं मान डोलावली. माझ्या बोलण्यावर तिनं कधी शंका घेतली नाही. घेतली असती तर?

स्पर्धा जवळ आली तेव्हा सरांच्या घरी त्यांची आई आजारी होती, त्यांचं येणं कमी झालं होतं. त्यांनी मला निरोप दिला, तिच्या स्क्वॉटचा व्हिडिओ पाठवा, बाजूनं काढा, फॉर्म बघतो. मी काढला. बाजूनंच काढला. पण मी जिथे उभी राहिले तिथून मध्ये एक बेंच येत होता, आणि बेंचनं तिचे गुडघ्याखालचे पाय झाकले होते. चुकून नाही. मी आधी दुसरीकडे उभी होते, मोबाईलमध्ये तिच्या टाचा दिसल्या, आणि मी सरकले. दोन पावलं सरकले असेन. व्हिडिओत तिचा चेहरा दिसत होता, खांदे, सरळ राहायला झगडणारी पाठ. सरांनी अंगठा पाठवला. खाली लिहिलं होतं, पाय दिसत नाहीत पण तुम्ही बघताच आहात.

स्पर्धेच्या दिवशी सर बघतीलच आणि बूट बदलायला लावतील, असंही मी मनाशी धरून होते. माझी चूक दुसऱ्या कुणीतरी निस्तरावी, आणि मला कळवूही नये.

तो दिवस यायच्या आधीचा शनिवार. सकाळी जिममध्ये आम्ही पाच-सहा जणी. तिला तोवरचं सगळ्यात जड वजन घेऊन बघायचं होतं. माझ्यापेक्षा जास्त. माझ्यापेक्षा बरंच जास्त. मी तिच्या मागे आधाराला उभी होते. पडायला लागली तर धरायचं, हे माझं काम. ती एकदा बसली आणि उठली — उठताना उजवा गुडघा डाव्याला टेकेल इतका आत आला. दोन्ही टाचा हवेत होत्या. ती धापा टाकत उभी होती, दांडी अजून खांद्यांवर.

ठेव, असं म्हणायला हवं होतं. रॅक समोरच होता. अर्ध्या पावलावर.

मी म्हटलं, “अजून एक.”

का? आजूबाजूच्या बायका टाळ्या वाजवत होत्या म्हणून? तिला एकदा तरी अडलेलं बघायचं होतं म्हणून? होय, म्हणूनच. त्या क्षणाला माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. ती बसावी, तिला उठता येऊ नये, दांडी रॅकच्या आडव्या, वजन झेलणाऱ्या सळ्यांवर सोडून द्यावी लागावी, आणि सगळ्यांनी ते पाहावं — एवढंच मला हवं होतं.

ती खाली गेली. वर येताना डावं पाऊल कलंडलं, कंबर मागे उसळली, पाठ कमानीसारखी वाकली, आणि एक बारीकसा आवाज तिच्या तोंडून आला. किंकाळी नव्हती. दांडी सळ्यांवर आदळली. मी हात पुढे केले तोवर ती गुडघ्यांवर होती. चेहरा पांढराफटक. मला म्हणाली, “ताई, पाय... माजा पाय मना जानवत नाय.”

मणक्यातली गादी फुटून नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दुखणं जाईल, पावलात ताकद किती येईल ते सांगता येत नाही. फारशी आली नाही. तिचं डावं पाऊल वर उचललं जात नाही, पुढचा भाग लोंबतो. चपलेच्या आत प्लास्टिकचा आधार घालून ती चालते. जिना चढताना कठडा धरते. जमिनीवर बसता येत नाही. पोलीस वगैरे तर सोडाच, कुरिअरच्या काउंटरवर दिवसभर उभं राहायचं काम होतं, तेही गेलं.

पण इथेच संपलं असतं तरी मी कदाचित कुणाला तरी सांगितलं असतं. असं मला वाटतं. नक्की नाही.

त्या दुपारी हॉस्पिटलच्या जिन्यात सर भेटले. धावत आले होते. “कसं झालं? फॉर्म बिघडला होता का तिचा?” मी एका श्वासात म्हटलं, “फॉर्म चांगला होता, सर. मी थांब म्हटलं होतं. ऐकलं नाही तिनं. अजून एक मारते म्हणाली.”

बघा. शब्दही तिच्या तोंडी माझेच घातले.

टाळ्या वाजवणाऱ्या बायकांपैकी कुणी काही बोललं नाही. गाणी मोठ्यानं लागलेली असतात, कुणाला काय ऐकू गेलं असेल कोण जाणे. सर तिच्याजवळ गेले आणि वडीलधाऱ्या माणसासारखं रागावले — मॅडम नको म्हणत होत्या ना, मग? मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मला वाटलं, आता ती बोलेल. ती माझ्याकडे बघत राहिली. औषधांनी डोळे जड झाले होते. मग सावकाश म्हणाली, “मना आठवत नाय, सर. ताई बोलल्या आसतील. माजाच चुकला.”

माझ्या शब्दासमोर तिनं स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी तिच्या आईसाठी चहा आणायला खाली गेले.

पुढे मी बरंच काही केलं. फळं नेली, फिजिओकडे नेऊन आणलं, तिच्या भावाला आमच्या यार्डात चिकटवलं. तिची आई मला सुक्या बोंबलांच्या पुड्या देते, नको म्हटलं तरी पिशवीत कोंबते, आणि शेजारणींना सांगते की सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं या बाईनं केलं. सकाळच्या बॅचला आता सगळ्या बायका माझ्याकडेच शिकतात. नवीन येणारीला मी पहिल्या दिवशी तळ मऊ आहे का ते दाबून बघते, टाचांपाशी वाकून बसते, गुडघा जरा आत आला की थांबवते. फार काळजीनं शिकवतात ताई, असं सगळ्या म्हणतात. याला प्रायश्चित्त म्हणायचं का? मी म्हणत नाही. मला ते काम आवडतं. बायका पुन्हा माझ्याकडे बघतात.

माझं अडलेलं वजन पुढे सरकलं, हेही सांगायला हवं. दर्शनाचं जिम सुटल्यावर काही महिन्यांत. त्या दिवशी मी घरी येऊन श्रीखंड खाल्लं.

अशी काही वर्षं गेली. यंदा तिच्या भावाची हळद होती. त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. संध्याकाळपासूनच मांडवात स्पीकर दणाणत होते, पोरी-बायका एका रंगाच्या साड्या नेसून नाचत होत्या. दर्शना मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. अंग भरलं आहे आता. मला पाहून तिनं हात केला, शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून जागा केली. तिच्यापाशी एक मामेबहीण उभी होती, अठरा-एकोणीसची, दणकट. तिला जिम लावायची होती.

दर्शनानं माझा हात हातात घेतला आणि तिला सांगितलं, “या माज्या ताई. यांच्याकडंच शीक. आन् यांनी थांब सांगितला का थांबायचा. मी नाय थांबले, बग माजा काय झाला.” मग माझ्याकडे वळून, आवाज जरा खाली आणून म्हणाली, “तुमाला किती तरास झाला ताई माज्यामुळं. मी कदी बोलले नाय तुमाला. माफ करा मना.”

स्पीकरचं गाणं तेवढ्यात संपलं होतं. आजूबाजूच्या चार बायका ऐकत होत्या. तिचा हात हळदीनं पिवळा झाला होता, ऊन ऊन होता. मला सगळं सांगता आलं असतं. तिथे, त्या खुर्चीवर, चार वाक्यांत.

मी तिच्या हातावर थोपटलं आणि म्हटलं, “जाऊ दे गं. मी कधीच विसरले ते.”

तिनं डोळे पुसले. मी तिला माफ केलं होतं.